विदाउट बॉक्स, पण ओरिजिनल

आमच्या समोरच्या वहिनींनी पहिल्यांदा माझ्या हातात ती जाड काचेची, निळी, लिंबाएवढी बरणी ठेवली तेव्हा मला वाटलं, गुडघ्याला लावायचा बाम असेल. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते आणि त्या दिवसांत जो भेटेल तो मला गुडघ्यावरचाच उपाय सांगत होता. मी झाकण उघडून वास घेतला. बामाला इतका श्रीमंत वास येत नाही.

‘तोंडाला लावायचा हाय,’ वहिनी म्हणाल्या. ‘दुकानात घ्यायला जाल तर अर्धी पेन्शन तिथंच ठेवून याल. मागं काय लिवलाय तेवढा वाचून सांगा मना.’

वहिनी मूळच्या विचुंब्याच्या. गावात त्यांची स्वतःची इमारत आहे, भाडेकरू आहेत, आणि त्यांच्या मालकांचे, म्हणजे नवऱ्याचे, शर्यतीचे दोन बैल आहेत. नातवंडांची शाळा जवळ पडावी म्हणून हे कुटुंब नवीन पनवेलला आमच्या समोर राहायला आलं. बैल तेवढे गावीच राहिले, त्यांच्या ढाली मात्र इथे आल्या. हॉलमधल्या काचेच्या कपाटात शर्यतीत जिंकलेल्या त्या पितळी ढाली ओळीने उभ्या असायच्या, आणि त्यांच्या पुढ्यात, बैलांच्या फोटोच्या पायाशी, पॅरिसहून आलेल्या बरण्या, बाटल्या आणि लिपस्टिकच्या कांड्या. मोबाइलवर वहिनींचा बायकांचा एक ग्रुप होता. त्यावर फोटो पडायचा आणि खाली त्यांच्या सुनेनं टाइप केलेलं एकच वाक्य असायचं : विदाउट बॉक्स, हंड्रेड पर्सेंट ओरिजिनल.

वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या. मराठी झरझर वाचायच्या, पण इंग्रजी अक्षरं समोर आली की चष्मा घरी विसरल्याचं सांगायच्या. सुनेला नोकरीमुळे वेळ नसायचा. म्हणून नवा माल आला की मला बोलावणं यायचं. मी एकतीस वर्षं मराठी आणि इंग्रजी शिकवलं होतं, तेव्हा बरणीच्या बुडावरची मुंगीएवढी अक्षरं वाचायला माझ्याइतकं लायक माणूस त्या मजल्यावर दुसरं नव्हतं. भिंग घेऊन बसायचं, कधी तयार झालं, कधीपर्यंत वापरायचं ते पाहायचं आणि वहीत लिहून द्यायचं, एवढं माझं काम. फ्रेंच नावं मात्र माझ्याही जिभेला वळेनात. मग आम्ही आमची नावं ठेवली. निळी बरणी, सोनेरी झाकण, काळी कांडी, ड्रॉपरवाली. ग्रुपवरच्या सुशिक्षित बायकाही हळूहळू तीच नावं वापरू लागल्या, त्यामुळे उच्चाराची लाज कुणालाच राहिली नाही.

‘पण हे येतं कुठून?’ असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. उत्तर मिळायला चार-पाच चहा लागले.

बराचसा माल त्यांच्या भावाच्या मुलाकडून यायचा. तो परदेशी पर्यटकांच्या एका गावाएवढ्या जहाजावर लॉन्ड्रीत कामाला होता. जहाजावर महागड्या वस्तूंचं दुकान असतं. कंपनीनं बरणीचं रूप बदललं की जुन्या रूपाच्या बरण्या तिथल्या कामगारांना अगदी स्वस्तात मिळतात. आतलं क्रीम तेच, झाकण तेवढं गेल्या वर्षीचं. तो सुट्टीवर येताना पँटच्या घड्यांत गुंडाळून ती घेऊन यायचा. बॅगेत जागा हवी म्हणून खोकी तिकडेच फेकून द्यायचा. ‘विदाउट बॉक्स’चं रहस्य एवढंच होतं.

दुसरा रस्ता वहिनींच्या विचुंब्याच्या भाडेकरू मुलीचा. ती मुंबईत एका भारी कंपनीच्या काउंटरवर उभी असायची. गिऱ्हाइकांना अनुभवाचे बोल सांगता यावेत म्हणून कंपनी तिला दर काही महिन्यांनी वस्तू फुकट द्यायची. पण त्या मुलीला तोंड एकच. उरलेलं सगळं वहिनींकडे यायचं. एकदा तिनं काउंटरवरचे उघडलेले नमुनेही आणले होते. वहिनींनी ते परत पाठवले. ‘उष्टा माल आमी नाय घेत,’ म्हणाल्या.

आमच्या ह्यांना हे काहीच मान्य नव्हतं. हे पनवेलच्या कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेले. ‘बिल आहे का? आयात शुल्क भरलंय का? बरणीवर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, किंमत, काही छापलंय का?’ असे प्रश्न ते मला विचारायचे, आणि ते अगदी बरोबर होते. यांतलं काहीही नव्हतं. मग दिवाळीला वहिनींनी फराळाच्या ताटात ह्यांच्यासाठी करंगळीएवढी अत्तराची बाटली ठेवली. त्यानंतर ह्यांनी प्रश्न विचारणं सोडलं नाही, पण आवाज बराच खाली आणला. शिवाय प्रश्न विचारताना ह्यांच्या शर्टाला फार छान वास यायचा.

मीही काही वेगळी निघाले नाही. शाळेत असताना लिपस्टिक लावून आलेल्या मुलींना मी नळावर तोंड धुवायला पाठवलेलं आहे. ‘नटायला आलात की शिकायला?’ हे वाक्य मी इतक्यांदा बोलले असेन की आजही पनवेलच्या बाजारात एखादी चाळिशीची बाई मला पाहून ओठ पुसते. आणि आता मीच सकाळी अकरा वाजता बाथरूमला आतून कडी लावून निळ्या बरणीतलं वाटाण्याएवढं क्रीम हनुवटीपासून कपाळापर्यंत खालून वर चोळत होते. खालून वरच चोळायचं, हे भाडेकरू मुलीनं शिकवलेलं. महिनाभर कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग बँकेत एक जुनी सहकारी भेटली. बराच वेळ निरखून पाहत म्हणाली, ‘बरी आहेस ना? चेहरा जरा तेलकट दिसतोय.’

हे सगळं असंच चाललं असतं, पण वहिनींच्या भाचीचं लग्न ठरलं. जहाजावरच्या मुलाची ही धाकटी बहीण. त्यांच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. साऱ्या गावाचं जेवण, बँड, सगळ्या बायकांना एकसारख्या साड्या. नवरीनं हट्ट धरला की आपल्या करवल्यांना आणि जवळच्या बायकांना सोनेरी झाकणाची एकेक बरणी भेट द्यायची. आत्या या व्यवसायात असताना भाचीला नाही कसं म्हणणार? वहिनींनी हो म्हटलं, ग्रुपवरच्या काही बायकांनीही त्याच वेळी आपली मागणी नोंदवली, आणि नेमकं जहाजावरच्या मुलानं कळवलं की त्याचं काम लांबलंय, तो थेट हळदीच्या दिवशीच पोचेल.

याच सुमारास मी दहा दिवसांसाठी नाशिकला बहिणीकडे गेले होते. परत आले तेव्हा माझी बॅग अजून रिक्षातून उतरायची होती आणि वहिनी खाली फाटकाशी उभ्या होत्या. हातात सोनेरी झाकणाची बरणी. या वेळी खोक्यासकट.

‘बाई, पोरीचे तोंडावर पुरळ आलाय,’ त्या म्हणाल्या. ‘जरा वाचा यो.’

जिना चढता चढता त्यांनी मला सगळं सांगितलं. जुन्या पनवेलमध्ये एसटी स्टँडमागच्या गल्लीत, एका दुकानाच्या वरच्या खोलीत इम्पोर्टेड माल विकणारा एक माणूस होता. हव्या तेवढ्या बरण्या तो लगेच द्यायला तयार झाला, तोही जहाजापेक्षा कमी किमतीत. वहिनींनी तीस बरण्या घेतल्या. बारा ग्रुपवरच्या बायकांना देऊन झाल्या होत्या. एक नवरीनं स्वतःसाठी आधीच उघडली होती. चौथ्या दिवशी तिच्या दोन्ही गालांवर लाल पुरळ उठलं.

मी घरात गेले, चपलाही न काढता टेबलावरचं भिंग घेतलं आणि खोकं खिडकीशी नेलं. पहिल्याच ओळीत मॉइश्चरायझरच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर गळालेलं. एकतीस वर्षं लाल पेन हातात धरलेल्या बाईला असं अक्षर लगेच टोचतं. मी खोकं उलटं केलं. बुडाशी उत्पादनाचा महिना छापलेला होता. मी तो दोनदा वाचला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

‘वहिनी, ही बरणी पुढच्या महिन्यात तयार होणार आहे.’

‘म्हंजे?’

‘म्हणजे अजून झालेलीच नाही.’

वहिनी खुर्चीवर बसल्या. त्यांनी खोकं हातात घेऊन बुडावर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, ‘तुमी इथं असता तर असा झाला नसता.’ हे ऐकून मला एकाच वेळी वाईट वाटलं आणि, कबूल करते, थोडं बरंही वाटलं.

आधी आम्ही नवरीला पनवेलच्या त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी बरणीचा वास घेतला, नाक मुरडलं आणि साधं पांढरं लोशन लिहून दिलं, जे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. हळदीला नऊ दिवस होते. ‘तोपर्यंत बरं होईल, फक्त आता दुसरं काहीही लावू नकोस,’ त्यांनी बजावलं. नवरी रडत होती, आणि रडल्याने आणखी पुरळ येईल या भीतीने मधेच थांबत होती.

घरी आल्यावर वहिनींनी ग्रुपवर आवाजातला निरोप पाठवला. सून म्हणाली, मी लिहिते, नीट शब्दांत. वहिनी म्हणाल्या, नको. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. ‘सोनेरी झाकण खोटा निघाला हाय. मी फसली, माझे मागं तुमी फसल्या. कुनी लावू नका. बरणी आणून द्या, पैसे घेऊन जा. चूक माझी हाय.’ एवढंच. माझ्या नोकरीत मी कितीतरी परिपत्रकं वाचली, पण चूक कुणाची आहे हे इतक्या कमी शब्दांत सांगणारं एकही आठवत नाही.

संध्याकाळपर्यंत दहा बायका बरणी देऊन गेल्या. एकीनं आपली बरणी नणंदेला देऊन टाकली होती आणि ती परत मागायची तिला अजिबात घाई नव्हती. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर द्यायलाच नकार दिला. ‘मला ग्लो आलाय,’ त्या म्हणाल्या. मी त्यांना उत्पादनाचा महिना दाखवला, स्पेलिंग दाखवलं, नवरीच्या गालांचा फोटो दाखवला. त्या आरशात पाहत राहिल्या. शेवटी वहिनींनी त्यांच्या हातून बरणी काढून घेतली आणि बदल्यात स्वतःच्या कपाटातली खरी निळी बरणी दिली. त्या बाई अजून म्हणतात की पहिलीचा ग्लो जास्त होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जुन्या पनवेलला त्या माणसाकडे गेलो. वहिनींचे मालक गावातून चार माणसं घेऊन यायला तयार होते. वहिनींनी त्यांना बैलांकडे लक्ष द्यायला सांगितलं. मी मात्र रिक्षात घाबरलेली होते. मुख्याध्यापकांशी भांडण्यापलीकडे मला भांडणाचा अनुभव नव्हता.

वरच्या खोलीत मांडीला मांडी लावून खोकी रचलेली. दुकानदार चाळिशीचा, गोड बोलणारा. दोन मुली, बहुधा ब्यूटी पार्लरमधल्या, पिशवीत माल निवडून घेत होत्या. वहिनींनी त्याच्या टेबलावर बरण्या मांडल्या.

‘मावशी, माल एक नंबर आहे,’ तो म्हणाला. ‘छपाईत थोडं इकडेतिकडे होतं. काही जणींच्या स्किनला सूट होत नाही, त्याला मी काय करू?’

‘बरा,’ वहिनी म्हणाल्या. त्यांनी एक बरणी उघडली आणि त्याच्यापुढे सरकवली. ‘तुमी लावा.’

‘मी?’

‘तुमी. आमचे समोर. गालाला.’

तो हसला. ‘मावशी, हे लेडीजचं आहे.’

‘गाल लेडीज-जेन्ट्स नसतो,’ मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं हे मला आजही सांगता येणार नाही.

तो पुन्हा हसला, पण बोट बरणीत घालेना. त्याला ॲलर्जी आहे म्हणाला. मग त्याला सर्दी झाल्याचं आठवलं. पार्लरच्या मुली बघत होत्या. एकीनं हळूच आपल्या पिशवीतली दोन खोकी काढून परत रॅकवर ठेवली. दुसरीनं सगळी पिशवीच ठेवली, आणि दोघी जिना उतरून गेल्या.

तो उद्या या म्हणाला. वहिनींनी स्टूल ओढलं. ‘आमी बसतो. आमाला काय घाई नाय.’

मला स्टूल नव्हतं, म्हणून मी एका मोठ्या खोक्यावर बसले. आत काय होतं देव जाणे, पण तो शांपू असावा, कारण मधूनमधून माझ्याखाली काहीतरी हलत होतं. जिना चढून येणाऱ्या प्रत्येक बाईला वहिनी प्रेमाने जवळ बोलवायच्या, बसायला जागा करून द्यायच्या आणि विचारायच्या, ‘तुमी काय घेता? बाईंना दाखवा, त्या वाचून सांगतील.’ मी भिंग पुसून तयार. एका तासात मी पाच खोकी वाचली. त्यातली दोन खरी निघाली, तसं मी स्पष्ट सांगितलं. दुकानदाराला तेवढ्यानंही फारसा आनंद झाला नाही. दीड तासानं त्यानं सगळ्या बरण्या परत घेतल्या, वहिनींचे पैसे दिले आणि पुन्हा न येण्याची फार नम्रपणे विनंती केली.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सविस्तर सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाले, ‘म्हणजे बिल नसलेला माल, बिल नसलेल्या माणसाकडे, बिल न मागता परत केला.’

मी ते जाऊन वहिनींना सांगितलं. ‘भावोजींचा बरोबर हाय,’ त्या म्हणाल्या. ‘आमचा माल मागचे दारानं येतो. पन खरा येतो. आता त्यांना वाटत असेल तर अत्तर परत करू दे.’

अत्तर परत गेलं नाही.

हळदीपर्यंत नवरीचे गाल स्वच्छ झाले. तिचा भाऊ त्याच दुपारी विमानतळावरून सरळ मांडवात आला आणि बॅगेतून खऱ्या सात-आठ बरण्या काढल्या. तोवर नवरीचा विचार बदलला होता. तिनं करवल्यांना चांदीची पैंजणं दिली आणि स्वतः डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या लोशनवर हळद लावून घेतली. मी तिथे एकसारख्या साडीतल्या शंभर बायकांत एक होऊन बसले होते. त्यांच्यातल्या चार तरी जणींनी मला बाजूला घेऊन त्यांच्या पर्समधल्या क्रीमची तारीख विचारली.

लग्न झालं, तरी वहिनींनी महिनाभर कपाट उघडलं नाही. एके सकाळी त्या नातवाची जुनी पाटी घेऊन माझ्याकडे आल्या. ‘मना शिकवा,’ म्हणाल्या. ‘तुमी नाशिकला जाल, कुठं जाल. माझे डोळे माझेजवळ पायजेत.’ चष्मा घरी विसरल्याचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही.

मी आयुष्यात खूप मुलांना इंग्रजी मुळाक्षरं शिकवली, पण सफरचंद आणि चेंडू सोडून लिपस्टिकच्या कांड्यांवरून कधी शिकवली नव्हती. आकडे त्यांना येतच होते. महिन्यांची नावं आठवड्यात आली. ‘एक्सपायरी’ हा शब्द त्या जसा वाचायच्या तसा तो कुठल्याच भाषेत नाही, पण दिसला की ओळखायच्या. उघड्या डबीचं चित्र आणि त्यात बाराचा आकडा असला की उघडल्यावर बारा महिने चालतं, हे समजल्यावर त्यांनी घरातल्या सगळ्या डब्या तपासल्या आणि सुनेचं अर्धं कपाट कचऱ्यात काढलं. सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग त्या म्हणाल्या, एकदा खऱ्या दुकानात जाऊ या. आम्ही नवी मुंबईतल्या एका मोठ्या मॉलमध्ये गेलो. वहिनींनी भाचीच्या लग्नातली साडी नेसली होती, मी माझी शाळेच्या स्नेहसंमेलनातली. काचेच्या लख्ख काउंटरवर सोनेरी झाकणाच्या बरण्या खोक्यांसकट मांडलेल्या होत्या. किमती पाहून मी पर्सची चेन लावून घेतली. काउंटरवरची मुलगी आम्हाला मॅडम म्हणाली आणि माझ्या हाताच्या मागच्या बाजूला क्रीम लावू लागली, खालून वर.

वहिनींनी एक खोकं उचललं, उलटं केलं आणि ओठ हलवत वाचायला लागल्या. मी मदत केली नाही. मिनिटभर गेलं.

‘पोरी,’ त्या म्हणाल्या, ‘हा दोन महिन्यांत संपतोय.’

मुलीनं हसून खोकं हातात घेतलं. मग हसणं थांबवून पुन्हा पाहिलं. मग रॅकवरची मागची खोकीही काढून पाहिली. ‘सॉरी मॅडम, हे पुढे यायला नको होतं,’ म्हणाली, आणि आतून एका टाय लावलेल्या माणसाला घेऊन आली. त्यानं फार अदबीनं माफी मागितली आणि आम्हा दोघींच्या हातात नमुन्याच्या चपट्या पुड्यांचं एकेक पाकीट ठेवलं.

आम्ही काहीच घेतलं नाही. खाली येऊन बाहेरच्या बसस्टॉपवर एका बाकावर बसलो. वहिनींनी पाकीट फोडलं, एक पुडी काढून डोळ्यांजवळ धरली आणि कडेला छापलेली बारीक अक्षरं एकेक करून जुळवली. ‘नॉट... फॉर... सेल.’ माझ्याकडे वळल्या. ‘बाई, असा का लिवलाय?’

‘कंपनीला तुमची माहिती मिळाली असेल,’ मी म्हणाले.

त्या इतक्या हसल्या की शेजारच्या बाकावरचं एक जोडपं उठून गेलं. मग त्यांनी सगळ्या पुड्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवल्या, एक तेवढी बाहेर ठेवली. ती फोडून अर्धी माझ्या तळहातावर पिळली, अर्धी स्वतःच्या, आणि पनवेलची बस येईपर्यंत आम्ही दोघी तिथे बसून तोंडाला लावत राहिलो.